दोरी घेताना आधी पीळ बघा : गोफणीसाठी आणि शोभेच्या गाठींसाठी

बेळगावच्या रविवार पेठेत किंवा निपाणीच्या बाजारात दुकानासमोर उभं राहून "चांगली दोरी द्या" म्हटलं, की दुकानदार हमखास सगळ्यात मजबूत दोरी पुढं टाकतो. जनावर बांधायला, ट्रॉलीवरचा ऊस आवळायला ती ठीक. गोफणीला आणि गाठकामाला मात्र मजबुती हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

हिशेब करून बघा. १०० ग्रॅमचा गुंडा, म्हणजे गोफणीतून फेकायचा दगड, आणि एक मीटर त्रिज्येचा फेर धरा. गुंडा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगानं सुटला, तरी गोफणीवर येणारा ताण भरतो सुमारे ९ किलो. तो दोन बाजूंत वाटला जातो, म्हणजे एका दोरीच्या वाट्याला साडेचार किलो. गाठ मारलेल्या जागी दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घटते, हे धरलं तरी ३ मिमीची कुठलीही धड सुती दोरी याला पुरून उरते. गोफण तुटते ती झिजून. हातातून दरवेळी सुटणारं टोक आणि गुंडा घासणारी झोळी, या दोन जागा आधी जातात. शोभेचं गाठकाम तर तुटतच नाही. ते लोंबतं, पिसारतं, रंग सोडतं, नाहीतर त्यातल्या गाठी दिसेनाशा होतात. त्यामुळं दोरी निवडताना तीन गोष्टी बघायच्या: पीळ, ताणल्यावर वाढते किती, आणि घासल्यावर टिकते किती.

दुकानातली भाषा

दोरीच्या एका धाग्याच्या जुडीला पेड म्हणायचं. तीन पेड वळले की तिपेडी दोरी. वेणीसारखी विणलेली ती गोफाची दोरी. मॅक्रमेच्या, म्हणजे शोभेच्या गाठकामाच्या, दोऱ्यांवर 'सिंगल स्ट्रँड' लिहिलेलं असतं, ती एकपेडी. शेवटी कंगव्यानं विंचरून झालर करायची असेल तर तीच लागते. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर दोरी म्हणजे हग्ग, शिवायचा दोरा म्हणजे दारा, सूत म्हणजे नूल, आणि गोफण म्हणजे कवणे. "कवणेला हग्ग पाहिजे" एवढं म्हटलं तरी जुना दुकानदार बरोबर सुतळीच्या कप्प्याकडं वळतो.

हातानं करायच्या चाचण्या

वेष्टनावर काय लिहिलंय ते नंतर वाचा. आधी दोन मीटर दोरी सुटी करून घ्या. नाही म्हणणाऱ्या दुकानदाराकडून मोठं बंडल घेऊ नये.

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोरी धरून हळू ओढा. जाड-बारीक लागत असेल, मध्येच फुगवटे लागत असतील, तर सूत एकसारखं कातलेलं नाही. शिंकाळ्यात हा दोष खपून जातो. बारीक चौकट (स्क्वेअर) गाठींच्या पट्टीत तो लगेच डोळ्यात भरतो, कारण एक गाठ ठसठशीत आणि पुढची मरगळलेली दिसते.

आता अर्धा मीटर दोरी दोन्ही हातांत ताणून धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. दोरी खाली शांतपणे झोळासारखी लोंबली तर पीळ समतोल आहे. ती स्वतःभोवतीच वळून वेटोळं करायला लागली तर पीळ जास्त झालाय. अशी दोरी गाठकामात सतत भांडते आणि भिंतीवरची तयार झालर एका बाजूला फिरते. गोफणीच्या दोन बाजू अशा दोरीच्या केल्या, तर फिरवताना झोळी उलटते आणि गुंडा मागं पडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुती दोरीचं उलट आहे, टोक सोडलं की तिचा पीळ आपणहून निघायला लागतो. म्हणून दोरी कापण्याआधी कापायच्या जागी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी किंवा दोऱ्याचे पाच-सहा वेढे घ्यावेत.

तिसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत: टोक उसवून आत बघणं. तिन्ही पेडांत धागे सारखे आहेत का? विणलेल्या दोरीच्या पोटात काय भरलंय? बाहेरून पांढरंशुभ्र सूत आणि आत रंगीबेरंगी चिंध्यांचं सूत, असला माल सर्रास मिळतो. आतला गाभा सैल असेल तर गाठ आवळल्यावर बाहेरचं कवच पुढं सरकतं आणि दोरी जागोजागी पोकळ होते. विणलेली दोरी चिमटीत दाबून बघा. फितीसारखी चपटी झाली, तर गाभा नाही किंवा नावालाच आहे. चपट्या दोरीची गाठ गोल उठत नाही.

मग एक साधी गाठ मारा, जोर लावून आवळा आणि सोडवा. असं त्याच जागी पाच वेळा करा. धागे तुटून लव आली, तर ही दोरी काम करताना हातातच म्हातारी होणार. रंगीत दोरी असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालानं दहा वेळा घासा. रंग उतरला तर ती पांढऱ्या दोरीबरोबर वापरायची नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हा समज सोडून द्या; जास्तीचा रंग धुऊन काढणं एवढंच आपल्या हातात असतं.

गोफणीसाठी आणखी एक चाचणी घरी करायची. बरोबर एक मीटरवर दोन खुणा करा, दोरी खिळ्याला बांधा आणि खाली दोन लिटर पाणी भरलेली बाटली लटकवा. पाच मिनिटांनी खुणांमधलं अंतर मोजा. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलं तर ती दोरी गोफणीला नको. ताणली जाणारी दोरी दरवेळी थोडी वेगळी ताणली जाते, म्हणून सोडायचा क्षण चुकतो आणि नेम हातात बसत नाही.

'नायलॉन' म्हणून मिळतं ते काय असतं

बाजारात चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक दोरीला नायलॉन म्हणायची पद्धत आहे. निळी, हिरवी, पिवळी कडक दोरी बहुतेकदा पॉलिप्रोपिलीनची असते. ओळखायला सोपं: तुकडा पाण्यात बुडवून, हवेचे बुडबुडे पिळून काढून सोडा. वर तरंगला तर बहुधा पॉलिप्रोपिलीन. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात.

पुढचा फरक जाळून कळतो. पाच सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, वितळलेले थेंब कातडीला चिकटून भाजतात. सूत आणि सुतळी कागदासारखी जळून मऊ राख सोडतात. पॉलिप्रोपिलीन वितळताना मेणबत्तीसारखा वास येतो. पॉलिएस्टर काळा धूर काढतं, वास किंचित गोडसर असतो आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. केस जळल्याचा वास आला तर ती लोकर.

पॉलिप्रोपिलीन गाठकामाला घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ते उन्हात ठिसूळ होऊन भुगा सोडतं, गाठ धरत नाही, आणि साधारण १६५ अंशाला वितळत असल्यानं गाठ झटक्यात ओढली तरी घर्षणानं तिथं चकाकी येते. नायलॉन घासायला फार चिवट, पण ताणतं. ओलं झालं की जास्तच. शिवाय ते निसरडं, त्यामुळं गोफणीचं टोक बोटातून वेळेआधी निसटतं. पॉलिएस्टर कमी ताणतं, पाण्यानं ढिलं पडत नाही आणि उन्हात इतरांपेक्षा जास्त टिकतं. बाहेर, पत्र्याच्या पडवीत टांगायच्या कुंडीसाठी गाभा असलेली ४ मिमीची पॉलिएस्टर दोरी सगळ्यात बिनघोर.

पॅराकॉर्ड, म्हणजे मूळची पॅराशूटची दोरी, हल्ली सगळीकडं मिळतं. मूळ '५५०' हे नाव ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताणावरून आलंय. ते नायलॉनचं असतं आणि पोटात सात ते नऊ दोऱ्या असतात. टोक कापून मोजा, तीन-चारच निघाल्या तर तो नुसता त्या नावाचा माल. कडी, कमरपट्टा, किल्लीचा गोंडा यांना ते छान. गोफणीला आमच्या मते नाही.

सुतळी, अंबाडी, सूत

गोफणीसाठी या भागात मिळणारा सगळ्यात योग्य माल म्हणजे तागाची किंवा अंबाडीची बारीक, घट्ट पिळाची सुतळी. ती जेमतेम दोन टक्के ताणते, हाताला धरते आणि घाम आला तरी निसटत नाही. दोष एवढाच की ती ओलसर राहिली की कुजते.

अंबाडीचा वाख (सुटा तंतू) घरचा किंवा ओळखीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो नीट कुजवलेला असायला हवा. मूठभर वाख हातात घेऊन उजेडात धरा. सालीचे तपकिरी तुकडे चिकटलेले असतील तर कुजवणं कमी पडलंय, दोरी खरखरीत होईल आणि तळहात सोलेल. वाख काळपट असेल, आंबूस वास येत असेल आणि दोन्ही हातांत धरून झटका दिल्यावर पट्कन तुटत असेल, तर पाण्यात जास्त दिवस राहिला. चांगला वाख फिकट सोनेरी असतो आणि तुटताना बोटाला कापतो.

दुकानातल्या सुतळीला रॉकेलसारखा वास येतो, कारण ताग कातताना त्याला खनिज तेल लावतात. थोडा वास चालतो. बोटं तेलकट होत असतील तर ती पोती शिवायची सुतळी. तिच्यावर रंग बसत नाही. आणि किलोवर घेताना ऋतू बघा. ताग हवेतली ओल इतकी पितो की व्यापारातच त्यात पावणेचौदा टक्के ओल धरून वजन ठरवतात. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात दुकानातली सुतळी याहून जड असते, आणि आपण पाणी सुतळीच्या भावानं विकत घेतो. जमलं तर मे महिन्यातच घेऊन ठेवावी. अथणीकडं हा प्रश्न कमी.

भिंतीवरच्या कामाला, शिंकाळ्याला, झुल्याला सूतच. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात यंत्रमाग असल्यानं तिथं सुटं सुती सूतही मिळू शकतं, त्याची दोरी घरी वळता येते. मात्र ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला खळ असते. ते आधी कडक आणि गुळगुळीत लागतं, धुतल्यावर मऊ आणि लवदार होतं. न धुता गाठकाम केलं तर पहिल्या धुण्यात सगळ्या गाठी ढिल्या पडतात. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून, सावलीत वाळवल्याशिवाय ते वापरू नये.

धनगरी लोकरीची दोरी मऊ आणि पकडीला उत्तम, पण ताणते आणि तिला कसर लागते. बैलांच्या गोंड्यांना ती शोभते. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत गोंडे, म्होरक्या मांडलेल्या असतात, तिथं खरी लोकर आणि ॲक्रिलिक यांतला फरक एक धागा जाळूनच कळेल. काथ्या आणि घायपात गाठकामाला फार राठ, पायपुसणी करा.

जाडी आणि लांबी

चौकट गाठींची चार दोऱ्यांची पट्टी दोरीच्या जाडीच्या चार ते पाच पट रुंद होते. ३ मिमीची दोरी असेल तर पट्टी सव्वा ते दीड सेंटिमीटर. त्यावरून जाडी ठरवा: किल्लीच्या गोंड्याला २ मिमी, शिंकाळ्याला ३ ते ४, झुल्याला ६ च्या पुढं.

गाठ मारणारी दोरी तयार लांबीच्या चार ते पाच पट लागते आणि मधली, जिच्याभोवती गाठी पडतात ती, सव्वापट पुरते. दांडीवर दुमडून अडकवणार असाल तर हे माप प्रत्येक पदराचं आहे. कापताना दुप्पट धरा. इथंच निम्मे लोक चुकतात आणि मधोमध जोड देत बसतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे त्याच दोरीनं दहा सेंटिमीटरचा नमुना करणं, उसवणं आणि दोरी मोजणं.

३ मिमीची सुती दोरी किलोला साधारण २०० ते २५० मीटर भरते. घरी १० मीटर तोलून बघा, ४०-५० ग्रॅम यायला हवेत. ६० च्या वर गेलं तर दोरी जाड आहे, ओली आहे किंवा खळीनं जड केलेली आहे.

एक गोफण, सुतळीची

२ मिमीची घट्ट सुतळी २० मीटर घ्या. ती पाण्यात तासभर भिजवा आणि खाली हलकं वजन टांगून ताणून वाळवा. सुतळी ओली झाली की फुगून आखडते. हे आधी न करता मोजलेली गोफण पहिल्या पावसात वेडीवाकडी होते.

वाळल्यावर तीन-तीन मीटरचे चार तुकडे आणि पाच मीटरचा एक तुकडा कापा. चारही तुकड्यांचा मध्य जुळवा आणि मध्यापासून दोन्हीकडं ८ सेंटिमीटरवर खुणा करा. या दोन खुणांमध्ये झोळी होणार. फळीवर १६ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे मारून चारही दोऱ्या तिथं बांधा.

पाच मीटरची दोरी एका टोकाकडून एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी विणत न्या. पहिल्या दहा ओळी घट्ट. मग दोऱ्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत मधोमध दोन-दोन सेंटिमीटर करा, म्हणजे झोळी सहा सेंटिमीटर रुंद होईल. पुढं तसंच कमी करत जा. प्रत्येक ओळ जेवणाच्या काट्यानं दाबून बसवा. साधारण ऐंशी ओळी बसतात. वळताना विणायची दोरी ओढायचा मोह होतो आणि तिथंच झोळी आत ओढली जाऊन काकडीसारखी होते. त्यासाठी दर ओळीला दोरी सरळ न नेता किंचित कमानीत ठेवा आणि मग दाबा. टोकं तीन सेंटिमीटर मागं विणून लपवा, गाठ मारू नका. झोळीतली गाठ गुंड्याला अडकते.

आता दोन्हीकडच्या चार-चार दोऱ्यांचा चौपेडी गोफ घाला. एका बाजूला ८० सेंटिमीटर झाल्यावर आणखी बारा सेंटिमीटर विणा, ते दुमडून बोट जाईल एवढा फास करा आणि मुळाशी मेण लावलेल्या दोऱ्यानं पंचवीस-तीस वेढे घट्ट आवळा. दुसऱ्या बाजूची गाठ शेवटीच मारायची. फास मधल्या बोटात अडकवा, झोळीत गुंडा ठेवा, दोन्ही दोऱ्या सरळ लोंबू द्या. झोळी सपाट राहते त्या जागी, अंगठ्याखाली येईल तिथं गाठ पडली पाहिजे. आधी मोजून मारलेली गाठ नेहमी एक-दोन सेंटिमीटर चुकते आणि गुंडा सारखा एकाच बाजूला जातो. गाठीपुढं दहा सेंटिमीटर शेपूट ठेवा. तेच आधी झिजतं, आणि झिजलं की गाठ मागं सरकवता येत नाही म्हणून तेवढा भाग मेण लावलेल्या दोऱ्यानं आधीच गुंडाळून ठेवावा. वेढे झिजले की नवे घ्यायचे, आतला गोफ शाबूत राहतो.

पहिली फेक मोकळ्या रानात, चारही बाजूंना माणूस, जनावर, रस्ता आणि विजेच्या तारा नसताना. नवशिक्याचा गुंडा पाठीमागंही जातो. शाळूवरची पाखरं उठवायला वाळवलेल्या मातीचे गुंडे बरे. ते फुटून जातात आणि कापणीला विळ्याखाली दगड येत नाहीत.

काम झाल्यावर गोफण खुंटीला मोकळी टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली सुतळी पावसाळ्यात बुरशीनं काळी पडते. टोकं ताठ करायला चिंचोक्याची खळ लावली असेल तर खुंटी उंदरांच्या वाटेवरची नको.